पारा-१९९ : एका स्थिर समस्थानिकाचे अणुकेंद्रीय गुणधर्म आणि उल्हास खाडीतील गाळ

पारा हे आवर्त सारणीतील ऐंशीव्या स्थानावरील मूलद्रव्य होय. त्याच्या प्रत्येक अणुकेंद्रात ८० प्रोटॉन असतात. न्यूट्रॉनांची संख्या मात्र सर्वत्र सारखी नसते. निसर्गात सापडणारा पारा हा सात स्थिर समस्थानिकांचे मिश्रण आहे. त्यांचे द्रव्यमानांक १९६, १९८, १९९, २००, २०१, २०२ आणि २०४ असे असून शंभर अणूंमागे त्यांचे प्रमाण अनुक्रमे ०.१५, ९.९७, १६.८७, २३.१०, १३.१८, २९.८६ व ६.८७ इतके आढळते. विपुलतेच्या दृष्टीने पाहिल्यास २०२ हा यांतील प्रमुख ठरतो. तथापि अणुकेंद्रीय गुणधर्मांच्या दृष्टीने १९९ हाच अधिक विचारार्ह आहे. त्याची कारणे प्रथम पाहून, मग कल्याण-डोंबिवली व ठाणे या टापूतील खाडीच्या गाळाशी त्यांचा संबंध कोठे पोहोचतो, याचा विचार येथे कर्तव्य आहे.

‘समस्थानिक’ ही संज्ञा मराठीत ज्या ग्रीक घडणीच्या शब्दावरून आली, तो शब्द फ्रेडरिक सॉडी यांनी १९१३ साली रूढ केला. तो त्यांना मार्गारेट टॉड या विदुषीने सुचविला होता. समान स्थान असलेले ते समस्थानिक. हे स्थान म्हणजे सारणीतील घर, अवकाशातील जागा नव्हे. मराठी वर्णमालेत याला एक जवळचा दाखला आहे. ‘चार’ या संख्यावाचक शब्दातील च तालव्य आहे, ‘चाक’ यातील च दंततालव्य आहे. कान त्यांतील भेद ओळखतो. लिपी मात्र दोहोंना एकच घर देते. रसायनशास्त्राची भूमिका पुष्कळशी लिपीसारखी आहे. पाऱ्याचे सातही समस्थानिक त्याच्या लेखी एकच, कारण रासायनिक वर्तन ठरविणारी इलेक्ट्रॉनांची रचना सर्वांची सारखीच असते. भौतिकी मात्र कानाची भूमिका घेते. दाखला फार ताणू नये हे खरे. पण लिपीने झाकलेला भेद काही प्रसंगी अर्थच पालटतो, हा भाग पुढे उपयोगी पडणारा आहे.

‘स्थिर’ या विशेषणाबद्दलही थोडा खुलासा हवा. नित्याच्या मराठीत स्थिर म्हणजे न हलणारा, न बदलणारा. अणुकेंद्राच्या बाबतीत या शब्दाचा अर्थ इतकाच, की ते आपण होऊन किरणोत्सर्ग करीत नाही. बाहेरून आलेला न्यूट्रॉन ते गिळू शकते, चुंबकीय क्षेत्रात ते आपली दिशा बदलते, ऊर्जा मिळाल्यास वरच्या पातळीवर चढते. पारा-१९९ ची पहिली उत्तेजित पातळी सुमारे १५८ किलो-इलेक्ट्रॉन-व्होल्ट इतक्या उंचीवर आहे. आणि ५३२ किलो-इलेक्ट्रॉन-व्होल्टवरील एक पातळी तर इतकी रेंगाळणारी आहे, की तिचे अर्धायुष्य सुमारे ४३ मिनिटे भरते. अणुकेंद्राच्या कालमानाने हे एक युगच म्हणावयाचे.

पारा-१९९ मध्ये न्यूट्रॉनांची संख्या ११९ आहे. प्रोटॉन सम, न्यूट्रॉन विषम. प्रोटॉनांचे परिवलन जोडीजोडीने एकमेकांस छेदते, तसेच न्यूट्रॉनांचेही; उरतो तो एक बिनजोडीचा न्यूट्रॉन. समस्थानिकाचे चुंबकीय व्यक्तित्व जवळजवळ सर्वस्वी या एकट्यावर अवलंबून राहते. १९८, २००, २०२ इत्यादी सम समस्थानिकांत असा एकटा कोणी उरत नाही, म्हणून त्यांचे परिवलन शून्य आणि चुंबकीय परिबलही शून्य. सातांपैकी केवळ दोघांना चुंबकत्व आहे : १९९ ला, ज्याचे परिवलन अर्धा आहे, आणि २०१ ला, ज्याचे परिवलन दीड आहे.

मारिया मेयर व हान्स येन्सन यांनी १९४९ च्या सुमारास मांडलेल्या कवच प्रतिमानानुसार १९९ मधील हा एकटा न्यूट्रॉन अशा कक्षेत असतो, जिच्यात कक्षीय संवेग एक एकक असून एकूण संवेग अर्धा आहे. न्यूट्रॉनाचे स्वतःचे चुंबकीय परिबल ऋण आहे, उणे १.९१३ अणुकेंद्रीय मॅग्नेटॉन. या विशिष्ट कक्षेत मात्र त्याचे परिवलन एकूण संवेगाच्या बहुतांशी उलट दिशेस असते, त्यामुळे चिन्ह पालटते. गणिताने अपेक्षित उत्तर अधिक ०.६३८ येते; प्रयोगाने मिळालेले मूल्य अधिक ०.५०६ आहे. एका कणाच्या आधारे एकशेनव्व्याण्णव कणांच्या समूहाविषयी केलेले हे भाकीत इतके जवळ यावे, ही प्रतिमानाच्या दृष्टीने समाधानाची गोष्ट होय. शेजारच्या २०१ च्या बाबतीत तसे घडत नाही. तेथे हेच गणित उणे १.९१३ सांगते, तर प्रयोग उणे ०.५६० च्या आसपास थांबतो. चिन्ह बरोबर, परिमाण एकतृतीयांशाहूनही कमी. एकट्या न्यूट्रॉनाने उरलेल्या गाभ्याला थोडे ढवळलेले असते, आणि गाभा त्याच्या परिबलाचा काही भाग पुसून टाकतो, असा याचा अर्थ लावला जातो.

परिवलन अर्धा असण्याचा आणखी एक परिणाम आहे. अशा अणुकेंद्राला विद्युत चतुर्ध्रुवी परिबल प्रकट करता येत नाही. म्हणजे त्याचा आकार थोडा लांबट वा चपटा असला तरी बाहेरच्या विद्युत क्षेत्राला त्याचा पत्ता लागत नाही. २०१ ला ते परिबल आहे, आणि त्यामुळे चुंबकीय अनुस्पंदनाच्या प्रयोगांत त्याची रेषा पसरट होते. १९९ ची रेषा रेखीव राहते. पाऱ्याच्या संयुगांचा अनुस्पंदनाने अभ्यास करणारे रसायनज्ञ १९९ लाच पसंती देतात, ते याच कारणाने. ज्या क्षेत्रात प्रोटॉन दर सेकंदास दहा कोटी आवर्तने करतो, त्यात पारा-१९९ सुमारे १ कोटी ७९ लाख आवर्तने करतो.

हे परिबल प्रथम उघड झाले ते पाऱ्याच्या वर्णपटातून. जुन्या रस्त्यांवरील पाऱ्याचे दिवे आणि स्थानकांच्या फलाटांवरील नळीदिवे ज्या प्रारणावर चालत, त्यातील २५३.७ नॅनोमीटरची रेषा बारकाईने पाहिली असता एक नसून अनेक रेषांचा जुडगा दिसतो. सम समस्थानिकांची प्रत्येकी एकच रेषा, आणि ती किंचित सरकलेली. विषमांच्या मात्र फुटून झालेल्या उपरेषा. त्या फुटण्यावरून १९३१ च्या सुमारास जर्मनीत शूलर व त्यांचे सहकारी यांनी परिवलनाची मूल्ये निश्चित केली. त्याच अतिसूक्ष्म रचनेचा उपयोग पुढे घड्याळाकडे झाला. आयनित पारा-१९९ मधील सुमारे ४०.५ अब्ज आवर्तनांच्या संक्रमणावर चालणारे घड्याळ नासा या संस्थेने जून २०१९ मध्ये अवकाशात पाठविले. १९८ ची कथाही मनोरंजक आहे : सोन्यावर न्यूट्रॉनांचा मारा करून तो शुद्ध रूपात मिळवीत, आणि त्याची हिरवी रेषा लांबीचे प्रमाण व्हावी असा आग्रह काही काळ होता. १९६० साली तो मान क्रिप्टॉनला मिळाला. पाऱ्याचे सोने करू पाहणाऱ्या रसशास्त्रज्ञांच्या परंपरेला, सोन्याचा पारा करणारी ही प्रक्रिया कशी वाटली असती, कोण जाणे.

आता न्यूट्रॉन गिळण्याच्या गुणधर्माकडे वळू. मंदगती न्यूट्रॉन पकडण्याच्या शक्यतेचे माप बार्न या एककात देतात. नैसर्गिक पाऱ्याचे हे माप सुमारे ३७० बार्न आहे. पण ते सातांत सारखे वाटलेले नाही. एकट्या १९९ चे माप सुमारे २,१५० बार्न असून मिश्रणातील त्याचे प्रमाण लक्षात घेता जवळजवळ सर्व शोषणाचा धनी तोच ठरतो. याच्या मुळाशी जोडीचे तत्त्व आहे. १९९ ने एक न्यूट्रॉन घेतला की एकट्याला जोडीदार मिळतो आणि सुमारे ८.० दशलक्ष इलेक्ट्रॉन-व्होल्ट ऊर्जा मोकळी होते. १९८ ने तो घेतल्यास ६.७ च्या आसपासच मिळते.

परंतु एवढे गिळूनही १९९ मागे खूण ठेवीत नाही. तो पारा-२०० बनतो, आणि पारा-२०० स्थिर आहे. शोषणाच्या क्षणी निघणारे गॅमा किरण टिपले नाहीत, तर नंतर सांगण्यासारखे काही उरत नाही. खूण ठेवतो तो मितभाषी २०२. त्याचे माप जेमतेम ५ बार्न. पण त्यापासून होणारा पारा-२०३ हा किरणोत्सर्गी असून त्याचे अर्धायुष्य ४६.६ दिवस आहे, आणि तो २७९ किलो-इलेक्ट्रॉन-व्होल्टचा ठळक गॅमा किरण देतो. नमुना अणुभट्टीत ठेवून, मग काही आठवडे थांबून हा किरण मोजला की नमुन्यात मुळात पारा किती होता ते कळते. याला न्यूट्रॉन उत्तेजन विश्लेषण म्हणतात. ठाणे खाडीच्या पश्चिम तीरावर तुर्भ्याला ४ ऑगस्ट १९५६ रोजी अप्सरा ही भट्टी चालू झाली, १९६० साली सायरस व १९८५ साली ध्रुव. तेव्हापासून या पद्धतीला लागणारे न्यूट्रॉन या खाडीच्या काठावरच उपलब्ध झाले. पद्धत वाचावयास सोपी वाटली तरी तिच्यात दोन खाचखळगे आहेत. पारा उडून जाणारा असल्याने नमुना क्वार्ट्झच्या नळीत बंद करून ठेवावा लागतो. दुसरे, माशांच्या मांसात सेलेनियम असते, आणि न्यूट्रॉनांनी उत्तेजित झालेला सेलेनियम-७५ जवळजवळ त्याच ऊर्जेचा किरण देतो. तो वजा केल्याशिवाय माशातील पाऱ्याचा आकडा फुगलेला येतो. सेलेनियमच्या इतर किरणांवरून ही वजाबाकी करता येते, पण ती करावीच लागते.

येथपर्यंतचे विवेचन ‘किती’ या प्रश्नाचे झाले. उल्हास खाडीच्या बाबतीत खरा वाद ‘कोठून’ या प्रश्नाचा आहे.

उल्हास नदी बोरघाटाजवळच्या सह्याद्रीत उगम पावून कर्जत, बदलापूर, कल्याण असा प्रवास करते. कल्याणपासून पुढे ती खाडीच होते. भरती-ओहोटीचे पाणी दुर्गाडीच्या पायथ्याशी येते व जाते. डोंबिवली, मुंब्रा यांना वळसा घालून ती ठाण्यापाशी पोहोचते, तेथून मुख्य प्रवाह वसईकडे वळतो, आणि एक अरुंद फाटा ठाणे खाडीला जोडलेला आहे. अंबरनाथ-उल्हासनगरकडून वालधुनी तिला मिळते. विसाव्या शतकाच्या मध्यास या पट्ट्यात रेयॉन व रसायनांचे कारखाने उभे राहिले. रेयॉनला कॉस्टिक सोडा लागतो. आणि त्या काळी तो करण्याची प्रचलित रीत म्हणजे मिठाच्या पाण्यातून वीज सोडून, पाऱ्याच्या थरावर सोडियम धरून ठेवण्याची. या रीतीत पारा खर्ची पडावयाचा नसतो, फिरत राहावयाचा असतो. परंतु प्रत्यक्षात त्याचा काही अंश सांडपाणी, गाळ व वाफ यांच्या वाटेने निसटतो. राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेतील संशोधकांनी १९८१ साली ठाणे खाडीतील पाऱ्याविषयी आणि २००३ साली उल्हास खाडीच्या गाळातील पाऱ्याविषयी निबंध प्रसिद्ध केले. गाळातील पारा नैसर्गिक पातळीहून पुष्कळ वाढलेला आहे, आणि त्याचा संबंध या उद्योगाशी पोहोचतो, असा त्यांचा रोख होता.

तथापि या टापूत पाऱ्याची दुसरीही वाट होती. ठाकुर्ली येथील रेल्वेचे चोळा वीजगृह अनेक दशके कोळसा जाळीत होते. विसाव्या शतकाची अखेर येण्यापूर्वीच ते बंद पडले. कोळशात पारा अल्प प्रमाणात असतोच, आणि जळताना तो धुराबरोबर जातो. शिवाय दूरच्या धुरातून पावसाबरोबर उतरणारा पारा आहे, नळीदिव्यांच्या कचऱ्यातील आहे. रसायनशास्त्राला या सर्वांचा एकच अणू दिसतो. एकूण पारा मोजणाऱ्याने कितीही काटेकोर मापन केले, तरी गाळातील एखादा कण कारखान्यातून आला की धुराड्यातून, हे त्याला त्या आकड्यावरून सांगता येणार नाही. लिपीने झाकलेला भेद ऐकावयाचा तो येथे.

समस्थानिकांची गुणोत्तरे हा तो भेद होय. १९९ व १९८ यांचे नैसर्गिक गुणोत्तर सुमारे १.६९२ आहे. ते एखाद्या नमुन्यात १.६९४ भरले, तर फरक एका सहस्रांशाहून किंचित अधिक झाला. आणि आजचे बहुसंग्राहक द्रव्यमान वर्णपटमापक याच्या दहाव्या भागाइतका फरकही निश्चित करू शकतात. असे फरक दोन प्रकारे पडतात. पहिला प्रकार वजनाचा : हलका अणू बाष्पीभवनात वा विक्रियेत थोडा पुढे सरतो, जड मागे राहतो. ब्रन्स्टेड व हेवेशी यांनी १९२० साली बाष्पीभवनानेच पाऱ्याचे समस्थानिक अंशतः वेगळे केले होते. या प्रकारात सर्व समस्थानिक आपापल्या वजनाच्या क्रमाने वागतात. १९८ च्या तुलनेत २०२ मध्ये जितका फरक पडतो, त्याच्या सुमारे ०.२५२ पट १९९ मध्ये पडावा, हे गणिताने ठरते. २०२ मध्ये एक सहस्रांश फरक असताना १९९ मध्ये ०.२५ अपेक्षित असून ०.७५ सापडला, तर उरलेला ०.५० वजनाने समजावता येत नाही.

हा उरलेला भाग दुसऱ्या प्रकारचा, आणि तो प्रामुख्याने विषम समस्थानिकांतच दिसतो. बर्गक्विस्ट व ब्लम यांनी २००७ साली पाण्यातील पाऱ्याच्या संयुगांवर प्रकाशाचा परिणाम अभ्यासून तो स्पष्ट केला. सूर्यप्रकाशाने मिथिल पाऱ्यातील बंध तुटला की दोन मुक्त मूलकांचे युग्म निर्माण होते. त्यांच्या एकाकी इलेक्ट्रॉनांची परिवलने समांतर असतील, तर ते पुन्हा जोडले जाऊ शकत नाहीत. पारा सुटून वायुरूपाने निघून जातो. परंतु अणुकेंद्र स्वतः लहानसा चुंबक असेल, तर ते इलेक्ट्रॉनाच्या परिवलनाला वळण देते, युग्माची अवस्था बदलते, आणि तुटलेला बंध पुन्हा जुळण्याची संधी वाढते. म्हणून उडून गेलेल्या पाऱ्यात १९९ व २०१ थोडे कमी भरतात, आणि पाण्यात मागे राहिलेल्या मिथिल पाऱ्यात थोडे अधिक. ११९ व्या न्यूट्रॉनाच्या एकटेपणाचा हा परिणाम. तो अन्नसाखळीत फारसा बदलत नाही. मासा जे खातो त्याची खूण माशात तशीच उतरते. १९९ व २०१ यांच्या या अधिक्याचे गुणोत्तर मिथिल पाऱ्याच्या विघटनात सुमारे १.३६, तर अकार्बनी पाऱ्याच्या क्षपणात १ च्या जवळ येते. त्यावरून प्रकाशाने कोणत्या संयुगावर काम केले, हेही उमगते.

मग गाळातील कणाला विचारावयाचे ते असे. औद्योगिक द्रवरूप पारा खनिजातून, म्हणजे हिंगुळातून, काढलेला असतो. त्यात हे चुंबकीय अधिक्य शून्याजवळ असते. अनेक कोळशांत ते ऋण आढळते, कारण त्यांचा पारा पुरातन वनस्पतींतून, म्हणजे वातावरणातून गेलेला असतो. पावसातून आलेला पारा बहुधा धन बाजूस असतो. मिश्रण असेल तर उत्तर मध्ये कोठेतरी येईल, आणि केवळ एका गुणोत्तरावर विसंबून निवाडा देणे धोक्याचे ठरेल. समस्थानिक साक्ष देतात, न्याय देत नाहीत, असे याबाबतीत म्हणावे लागते. शून्याजवळचे उत्तर कारखान्याकडे बोट दाखवील. पण थोडा धन पावसाळी पारा व थोडा ऋण कोळशाचा पारा मिसळूनही शून्य येऊ शकते. अशा वेळी वजनाचा फरक सोबत पाहावा लागतो.

माशांच्या बाबतीत खाडीचे स्वरूपच एक अडथळा आहे. उल्हास व ठाणे या खाड्यांचे पाणी गढूळ. प्रकाश त्यात फार खोल जात नाही. म्हणून येथील बोईट, निवटी वा चिंबोरी यांत प्रकाशाने निर्माण होणारे अधिक्य, खुल्या समुद्रातील माशांच्या मानाने कमी असणेच अपेक्षित आहे. हा दोषही उपयोगाचा ठरू शकतो. खाडीतीलच मासळी आणि खोल समुद्रातून आलेली मासळी यांच्या पाऱ्यात मग भेद करता येईल. आणि चेंदणी कोळीवाड्यासारख्या वस्तीतील माणसाच्या केसांत सापडलेला पारा कोणत्या मासळीतून आला, हा प्रश्न निदान विचारता तरी येईल. जपानमधील मिनामाता येथे १९५६ साली ज्या व्याधीची अधिकृत नोंद झाली, तिचा मार्ग हाच होता : कारखाना, उपसागर, मासा, कोळ्याचे घर. त्या गावाच्या नावाचा आंतरराष्ट्रीय करार २०१३ साली झाला, २०१७ साली अमलात आला, आणि भारताने त्याला २०१८ साली मान्यता दिली. त्यानुसार कॉस्टिक सोड्याच्या उद्योगातून पारा काढून टाकण्याची मुदत २०२५ होती.

कारखान्यातील पारा थांबला तरी गाळातील थांबत नाही. गाळाचे उभे दंड काढून, शिसे-२१० या सुमारे २२ वर्षे अर्धायुष्याच्या किरणोत्सर्गी समस्थानिकाने त्यांचे वय ठरवितात, आणि कोणत्या दशकात कोणता पारा साठला हे थरांवरून वाचतात. चोळा वीजगृहाची दशके आणि कॉस्टिक सोड्याची दशके अंशतः वेगळी असल्याने, थर सुरक्षित असतील तर १९९ चे अधिक्य खालून वर जाताना कसे बदलते यावरून दोन्ही वाटांचा वाटा निराळा करता यावा. थर सुरक्षित असणे मात्र कठीण. कल्याण, डोंबिवली व मुंब्रा येथील रेतीबंदरांवर वर्षानुवर्षे खाडीच्या तळातून रेती उपसली गेली आहे, आणि तिच्याबरोबर तळाचा क्रमही ढवळला गेला आहे. यास्तव असा दंड काढावयाचा तो मुख्य प्रवाहात नव्हे, तर तिवरांच्या आतल्या, जेथे उपशाची होडी पोहोचत नाही अशा चिखलात.